मनीच्या ताटात काय वाढावे?

(विज्ञान कोपरा – इयत्ता सातवी)



आपल्या गावात बहुतेक घरी मांजर आहे. मांजराला काय घालता, असे विचारले तर सगळे एकच उत्तर देतात, "दूधभाकरी." मी पण तेच उत्तर दिले असते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या मनीच्या डोळ्यांचे जे झाले, त्यामुळे मला हा लेख लिहावा लागला. गुरुजी म्हणाले, "जे पाहिलंस ते लिही, जे समजलं ते लिही आणि शेवटी प्रश्न घाल." म्हणून तसेच लिहिते.

मनीची हकिकत

मनी आमच्या घरी जन्मली. तिची आई मोठी शिकारी होती. आमच्या कणगीत तिने कधी उंदीर राहू दिला नाही. पण शेजारच्या वस्तीवर कोणी तरी उंदराचे औषध ठेवले होते. ते खाऊन झिंगलेला उंदीर तिने धरून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात मरून पडलेली दिसली. तेव्हा मनी दीड महिन्याची होती. मी फार रडले. आई म्हणाली, "हिला आता बाहेर सोडायची नाही." तेव्हापासून मनी घरातच वाढली. उंदीर नाही, चिमणी नाही, सरडा नाही. सकाळी दूधभाकरी, रात्री दूधभात.

आता आमचे घर माळकरी आहे. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. ती दरसाल वारीला जाते. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यामुळे मनीही माळकरी झाली, असे काका हसून म्हणायचे. आम्हालाही त्यात कौतुक वाटायचे.

दीड वर्ष असे गेले. मग एक दिवस मनी जोत्यावरून उडी मारताना चुकली आणि खाली पडली. आम्ही हसलो. पुन्हा दोन दिवसांनी ती पाटाला धडकली. भर दुपारच्या उन्हात मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी बारीक उभी रेघ होते, ते तुम्ही पाहिले असेल. मनीची बाहुली उन्हातही मोठीच राहू लागली. अंगावरचे केस राठ झाले. ती दिवसभर चुलीपाशी बसून राही.

माझ्या धाकट्या भावाने पुस्तकात वाचले होते की गाजर डोळ्यांना चांगले. त्याने गाजर किसून दुधात घातले. मनीने दूध चाटले आणि गाजर तसेच ठेवले. गाजर खाल्ले असते तरी उपयोग झाला नसता, हे पुढे कळले. ते कसे, ते खाली सांगते.

शेवटी दादांनी तिला पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. मीही गेले होते. डॉक्टरसाहेबांनी अंधार करून बॅटरीने डोळे पाहिले आणि विचारले, "काय खायला घालता?"

दादा म्हणाले, "दूधभाकरी. कशाची कमी नाही साहेब, पाव लिटर दूध पिते."

डॉक्टर म्हणाले, "दूध भरपूर आहे, पण मांस नाही. डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालाय. जेवढी दृष्टी गेली तेवढी परत येणार नाही. पण आजपासून आहार बदलला तर जी राहिली आहे ती राखता येईल. हृदयही सांभाळलं पाहिजे."

परत येताना एसटीत दादा काही बोलले नाहीत. मला वाटले, आता आजीला कसे सांगायचे?

आजी काय म्हणाली

आजीने सगळे ऐकून घेतले. मनीला मांडीवर घेतले. तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "आगं, माळ मी घातली, हिनं कुठं घातली? देवानं तिला जसं केलं तसं तिनं खावं. आपला नेम आपल्यापाशी. माझ्या नेमापायी मुक्या जिवाचं डोळं जायला नगंत."

मग तिने दोन अटी घातल्या. पहिली, मनीचे वेगळे भांडे, वेगळी सुरी आणि वेगळी चूल गोठ्यामागे असावी. दुसरी, घरातल्या फ्रीजमध्ये काही ठेवायचे नाही. आम्ही दोन्ही मान्य केल्या. एकादशीचे काय, असे भावाने विचारले तेव्हा आजी म्हणाली, "तिला नाही एकादशी."

मी हे मुद्दाम लिहिते. कारण गावात माळकरी घरे पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी काय खावे, हे सांगायला हा लेख नाही. माणूस शाकाहारावर चांगला राहतो. कुत्रासुद्धा बराचसा निभावतो. मांजर मात्र राहू शकत नाही.

मांजराचे शरीर वेगळे कसे?

गुरुजींनी आम्हाला फळ्यावर तक्ता काढून समजावले. त्यातले मुख्य मुद्दे असे.

१) टॉरीन. हा एक पदार्थ मांसात, माशात असतो. धान्यात आणि भाजीत तो जवळजवळ नसतोच. गायीम्हशीच्या दुधात अगदी थोडा. १८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो बैलाच्या पित्तात प्रथम शोधला. लॅटिन भाषेत बैलाला 'टॉरस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. माणसाचे शरीर टॉरीन स्वतः तयार करते. मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. शिवाय त्याच्या पित्तात टॉरीन रोज खर्च होत असते. म्हणजे विहिरीला झरा बारीक आणि उपसा मोठा! रोजच्या खाण्यातून भर पडली नाही तर विहीर आटणारच.

टॉरीन कमी पडले की डोळ्याच्या मागचा पडदा, ज्याला आपण दृष्टिपटल म्हणतो, तो हळूहळू झिजतो. हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टॉरीनच्या कमतरतेने मांजराचे हृदय फुगते व दुबळे होते, आणि वेळेवर टॉरीन दिले तर ते पुष्कळदा सुधारते. त्यानंतर कारखान्यांनी मांजराच्या तयार खाद्यात टॉरीन वाढवले आणि हा हृदयाचा आजार पुष्कळ कमी झाला. डोळ्याचे मात्र तसे नाही. झिजलेला पडदा पुन्हा उगवत नाही.

२) अ जीवनसत्त्व. गाजरात कॅरोटीन असते. आपले शरीर त्याचे अ जीवनसत्त्व बनवते. मांजराला ही कला येत नाही. त्याला तयार अ जीवनसत्त्वच लागते आणि ते यकृतात म्हणजे कलेजीत, तसेच अंड्याच्या बलकात मिळते. भावाचे गाजर वाया का गेले, ते आता कळले ना?

३) प्रथिने. मांजराला प्रथिने जास्त लागतात. कारण त्याचे शरीर शक्तीसाठीही प्रथिने जाळत असते. कमी मिळाली तरी जाळणे थांबत नाही. मग स्वतःच्या अंगातले मांस झिजू लागते.

४) पाणी. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. हे कोरड्या प्रदेशातले जनावर. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इतकी जुनी मांजराची आणि माणसाची सोबत आहे. पण सवय अजून वाळवंटाचीच राहिली. मांजर पाणी कमी पिते आणि लघवी दाट करते. रानात ते पाणी मुख्यतः शिकारीतून मिळवते. उंदराच्या अंगात शंभरातले सुमारे सत्तर भाग पाणी असते. म्हणून मांजराला ओलसर अन्न चांगले मानवते. कोरडेच खाल्ले आणि पाणी प्याले नाही तर मूत्राशयाचे आजार होण्याचा धोका वाढतो.

पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बोका वारंवार लघवीला बसत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल, तर ते बद्धकोष्ठ समजून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एकदोन दिवसांत जीव जातो. लगेच दवाखाना गाठा.

दुधाचे काय?

सगळ्यांना वाटते की मांजर म्हणजे दूध. पिल्लू आईचे दूध पिते ते खरे. पण मोठे झाल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. कोणाला जुलाब होतात, कोणाला होत नाहीत. ज्याला पचते त्याला थोडे दूध दिले तर बिघडत नाही. पण दूध म्हणजे जेवण नव्हे. पाव लिटर दुधाने पोट भरते आणि मग मांजर दुसरे काही खात नाही. आमच्या मनीचे तेच झाले.

मनीचे रोजचे जेवण

आता मुख्य भाग. हे माप सुमारे अडीच ते तीन किलो वजनाच्या मोठ्या मांजरासाठी आहे. डॉक्टरांना दाखवून त्यांनी दुरुस्त करून दिले आहे.

साहित्य (एका दिवसाचे):
– कोंबडीचे बिनहाडाचे मांस, तंगडीकडचे, ७० ग्रॅम
– कोंबडीची हृदये दोन, सुमारे १५ ग्रॅम
– मऊ शिजलेला भात, एक मोठा चमचा
– गोडेतेल, अर्धा चहाचा चमचा
– आयोडीनयुक्त मीठ, अगदी किंचित
– अंड्याच्या कवचाची पूड, एक पुडी
– डॉक्टरांनी दिलेले टॉरीन व जीवनसत्त्वांचे औषध, त्यांनी सांगितले तेवढेच
– आठवड्यातून एकदाच कलेजी, ३० ग्रॅमच्या आत. त्या दिवशी तेवढे मांस कमी.

तंगडीचेच मांस का? कारण छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या काळपट मांसात टॉरीन जास्त असते. हृदयात तर आणखी जास्त. आणि गंमत अशी की हृदये आपली माणसे फारशी घेत नाहीत, म्हणून ती स्वस्त मिळतात.

कृती: मांस आणि हृदये धुऊन बारीक तुकडे करावेत. एक कप पाण्यात मंद आचेवर पंधरावीस मिनिटे शिजवावे. कांदा, लसूण, तिखट, मसाला काहीही घालू नये. शिजल्यावर ते पाणी फेकू नये! टॉरीन पाण्यात विरघळते. पाणी फेकले की निम्मे औषध फेकल्यासारखे. तोच रस्सा भातात कालवावा. गार झाल्यावर तेल, मीठ, कवचाची पुडी आणि औषध मिसळावे. याचे दोन किंवा तीन भाग करून दिवसभरात द्यावेत. मिश्रण खिमटीसारखे ओले झाले पाहिजे.

उरलेले अन्न तासदीड तासापेक्षा जास्त उघडे ठेवू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

कवचाची पूड कशासाठी? रानातले मांजर उंदीर हाडांसकट खाते. हाडातून त्याला कॅल्शियम मिळते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. नुसते बिनहाडाचे मांस घातलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होऊन साध्या उडीतही मोडतात. म्हणजे दूधभाकरी चूक, तशी नुसत्या मांसाची चैन पण चूक. शिजवलेली हाडे तर घालूच नयेत. ती फुटून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

पूड अशी करावी: अंड्याची कवचे धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवावीत. मग खलबत्त्यात पिठासारखी बारीक कुटून चाळावीत. एक किलो मांसाला सुमारे एक चहाचा चमचा पूड लागते. मनीला आठवड्यात साधारण ६०० ग्रॅम मांस लागते, म्हणून आम्ही पाऊण चमचा पूड घेऊन कागदाच्या सात सारख्या पुड्या बांधतो. पुड्या बांधायचे काम भावाकडे आहे. त्याचा अपूर्णांकाचा अभ्यासही होतो.

आमच्या घरी अंडी येत नाहीत. कवचे मी मैत्रिणीच्या घरून आणते.

दुकान बंद असले तर? सोमवारी आणि सणाला कोंबडीचे दुकान बंद असते. त्या दिवशी दोन उकडलेली अंडी, मूठभर सुकट आणि भात. सुकट चाळून, धुऊन, शिजवून घ्यावी. वाळू राहता कामा नये. मीठ लावून खारवलेला मासा मात्र नको. अंडे शिजवलेलेच द्यावे. कच्च्या पांढऱ्या भागातला एक पदार्थ बायोटिन नावाचे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही.

हे देऊ नका

१) कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या ताटातला रस्सा म्हणूनच वाईट.
२) रोज कच्चा मासा. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो. शिजवल्यावर तो निकामी होतो.
३) नुसता तेलकट मासा. रोज बांगडा, तारली घातली आणि ई जीवनसत्त्व कमी पडले तर अंगातली चरबी सुजून दुखते.
४) फार कलेजी. औषध चांगले म्हणून बाटलीभर प्यायचे नसते. अ जीवनसत्त्व जास्त झाले की मानेची हाडे जखडतात.
५) कुत्र्याचे तयार खाद्य. त्यात मांजराला लागेल तेवढे टॉरीन असेलच असे नाही.
६) चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे.

खर्चाचा हिशेब

माझी काकू म्हणाली, "माणसांना महाग झालंय, अन् मांजराला कोंबडी?" तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणून हिशेब घातला. भाव रोज बदलतो, म्हणून रुपये लिहीत नाही, रीत सांगते.

कोंबडीचा किलोचा भाव भागिले १००० करा, म्हणजे एका ग्रॅमचा भाव निघेल. त्याला ८५ ने गुणा. हा झाला एका दिवसाचा मांसाचा खर्च. आता दुसऱ्या बाजूला मनी रोज पीत असलेले पाव लिटर दूध मांडा. ते आम्ही बंद केले आणि डेअरीला घातले. दुधाचे पैसे वजा केल्यावर जो खर्च उरला तो पाहून काकूसुद्धा गप्प बसली. शिवाय दुकानदारकाका मान आणि तंगडीचे उरलेसुरले मांस कमी भावात देतात. फक्त हाड काढून घ्यावे लागते.

शहरातले नातेवाईक मांजराला ओल्या खाद्याची तयार पाकिटे घालतात. ती घेणार असाल तर पाकिटावर 'संपूर्ण आहार' अशा अर्थाचे लिहिले आहे का, ते मोठ्या माणसाकडून वाचून घ्या. काही पाकिटे नुसत्या खाऊसारखी असतात. त्यांच्यावर मांजर वाढवता येत नाही.

पाकिटाचे एक गणित गुरुजींनी घातले होते. समजा, ओल्या पाकिटात पाणी ८० टक्के आणि प्रथिने ९ टक्के आहेत. कोरड्या खाद्यात पाणी १० टक्के आणि प्रथिने ३२ टक्के आहेत. प्रथिने कशात जास्त? वर्गात सगळे ओरडले, "कोरड्यात!" पण पाणी काढून पाहा. ओल्यात पाणी सोडून २० भाग उरले. त्यात ९ प्रथिने, म्हणजे शेकडा ४५. कोरड्यात ९० भागांत ३२, म्हणजे शेकडा सुमारे ३५.५. उत्तर उलटे आले! नुसता आकडा वाचून भुलू नये, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

घरी शिजवलेले स्वस्त पडते, पण त्यात एक गोम आहे. नुसते आपल्या अंदाजाने शिजवले तर काही ना काही कमी पडते. म्हणून डॉक्टरांकडून यादी तपासून घ्यावी आणि औषध चुकवू नये. ज्यांना रोज शिजवणे जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून थोडे तयार खाद्य पाण्यात भिजवून आणि थोडे घरचे असे करावे. पूर्ण चांगले जमले नाही तरी दूधभाकरीपेक्षा ते बरेच.

सवय कशी लावली?

पहिल्या दिवशी मनीने नव्या जेवणाला तोंडसुद्धा लावले नाही. भाऊ म्हणाला, "उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल." पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते की मांजराला दोनतीन दिवस उपाशी ठेवणे धोक्याचे, त्याने यकृत बिघडते. म्हणून दूधभातातच एक चमचा रस्सा घातला. रोज दूध थोडे कमी, रस्सा थोडा जास्त. दहाव्या दिवशी तिने ताटली चाटून पुसून साफ केली. आजी दारातून बघत होती. ती लांबूनच म्हणाली, "जेवली गं माझी बाय."

आमचे निरीक्षण

शाळेत आरोग्य तपासणीचा वजनकाटा आहे. आधी मी एकटी उभी राहिले, मग मनीला घेऊन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे मनीचे वजन.

सुरुवातीला: ३३.५ – ३१.४ = २.१ किलो
एक महिन्याने: ३३.९ – ३१.५ = २.४ किलो
तीन महिन्यांनी: ३४.८ – ३२.० = २.८ किलो

(माझेही वजन वाढले, पण ते मनीचे जेवण खाऊन नव्हे!)

केस मऊ झाले. चुलीपासची बैठक सुटली. दोरीशी खेळू लागली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितले की डोळ्यांचे आणखी बिघडलेले नाही. पण सुधारलेलेही नाही. कडूसं पडले की मनीला नीट दिसत नाही. त्यामुळे तिची ताटली आम्ही कधी हलवत नाही. गोठ्याच्या उजव्या खांबाजवळच ठेवतो. घरातला पाटसुद्धा वाटेत ठेवत नाही. आजी ताटलीवर बोटाने दोनदा टकटक करते, मग मनी बरोबर तिथे येते. ज्या आजीने उभ्या जन्मात मांसाला हात लावला नाही, ती रोज त्या ताटलीपाशी उभी राहते.

मला एकच वाईट वाटते. हे सगळे एक वर्ष आधी कळले असते तर?

पालकांना विनंती

१) मांजराला दूधभाकरीवरच ठेवू नका. रोज नाही तर नाही, पण बाजारादिवशी सुकट, अंडे, मांसाचे तुकडे यांची सोय करा.
२) "मांजर उंदीर खाते, मग घालायचे कशाला?" असे म्हणू नका. पोट भरलेले मांजरही शिकार करते, तो त्याचा स्वभाव आहे. उपाशी मांजर मात्र भटकते आणि विषारी उंदीर खाते.
३) उंदराचे औषध ठेवले असेल तर शेजाऱ्यांना सांगा. मेलेले उंदीर खोल पुरा.
४) गाभण मांजर आणि पिल्ले यांना जास्त आणि वारंवार खायला लागते. त्यांचे माप वेगळे असते, ते डॉक्टरांना विचारा.
५) बाहुली उन्हात बारीक होत नसेल, उडी चुकत असेल तर हसू नका. आम्ही हसलो होतो.

सांगा पाहू!

१) मांस शिजवलेले पाणी का फेकू नये?
२) गाजर आपल्याला चालते, मग मांजराच्या डोळ्यांना का उपयोगी पडत नाही?
३) एका पाकिटात पाणी ७५ टक्के व प्रथिने १० टक्के आहेत. पाणी सोडून प्रथिने शेकडा किती?
४) नुसते बिनहाडाचे मांस घातले तर काय कमी पडते? ते कशाने भरून काढाल?
५) तुमच्या घरच्या मांजराचे जेवण सात दिवस वहीत लिहा आणि त्यात मांस, मासा किंवा अंडे किती वेळा आले ते मोजा.

उत्तरे लेखातच आहेत. तिसऱ्याचे उत्तर चाळीस आले तर बरोबर. पाचव्याचे उत्तर शून्य आले तर आज घरी गेल्यावर आईला आणि आजीला हा लेख जरूर सांगा.